लस चालू असतानाच पिल्लाला पार्वो का होतो? १६ आठवड्यांपर्यंत मुंबईच्या घरात काय सांभाळायचं

तक्रार जवळपास दर वेळी सारखीच असते. कुत्र्याचं ४५ दिवसांचं पिल्लू घरी आणलं. विकणाऱ्याने सांगितलं, "पहिला डोस झालाय." दुसरा डोसही तारखेला दिला. पिल्लाला खाली रस्त्यावर नेलंच नाही. तरीही एका सकाळी त्याने वाटीला तोंड लावलं नाही, दुपारी पिवळ्या फेसाची उलटी झाली आणि रात्री रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब सुरू झाले. तपासणीत पार्वो, म्हणजे आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, निघाला. घरात एकच प्रश्न उरतो: लस तर दिली होती ना?

दिली होती. पण लस देणं आणि ती लागू पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यात कित्येक आठवडे जाऊ शकतात. त्या आठवड्यांत पिल्लाचा जीव घरातल्या लादीवर आणि दारातल्या चपलांवर अवलंबून असतो.

दिलेली लस फुकट का जाते

जन्मानंतर पहिल्या दिवसभरात पिल्लू आईचा चीक पितं आणि त्यातून आईच्या अँटीबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, त्याच्या रक्तात येतात. सुरुवातीचे आठवडे त्याच त्याला राखतात. पण लसीतला विषाणू हा दुबळा केलेला, तरी जिवंत विषाणू असतो, आणि आईच्या अँटीबॉडी त्यालाही मारतात. या अँटीबॉडी साधारण दर ९ ते १० दिवसांनी निम्म्या होत जातात. उतरता उतरता मधे असा काळ येतो की लस निकामी करायला त्या पुरेशा असतात, पण बाहेरून आलेला खरा विषाणू थोपवायला पुरत नाहीत. पिल्लं आजारी पडतात ती बहुतेक याच दिवसांत.

हा काळ कधी सुरू होईल ते पिल्लाकडे बघून कळत नाही. एकाच वेतातल्या दोन पिल्लांतही फरक पडतो, कारण कुणी चीक जास्त प्यायलेलं असतं, कुणी कमी. म्हणून लस दर ३-४ आठवड्यांनी पुन्हा द्यायची असते. पिल्लाच्या बाबतीत दुसरा-तिसरा डोस म्हणजे पहिल्याला दिलेला जोर नव्हे. आईच्या अँटीबॉडी उतरल्या की लगेच एखादा डोस लागू पडावा, यासाठीची ती तरतूद आहे. बहुतेक पिल्लांत १६ आठवड्यांपर्यंत त्या पुरेशा उतरलेल्या असतात. म्हणून "किती डोस झाले" याला फारसा अर्थ नाही. शेवटचा डोस कितव्या आठवड्यात दिला, ते बघा. कार्डावर ६, ९ आणि १२ व्या आठवड्याचे तीन डोस असतील आणि "कोर्स पूर्ण" असं लिहिलेलं असेल, तरी १६ व्या आठवड्याला किंवा त्यानंतर आणखी एक डोस हवाच.

आधी कार्ड नीट वाचा

लसीच्या प्रत्येक नोंदीशेजारी कुपीवरून काढलेलं स्टिकर असतं. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. त्याखाली डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक लागतो. नुसत्या पेनाने "डीपी दिली", म्हणजे डिस्टेंपर-पार्वोची लस दिली, असं लिहिलं असेल, तर तो डोस झालाच नाही असं धरून डॉक्टरांशी बोला आणि सुरुवातीपासून वेळापत्रक लावून घ्या. एखादा डोस जास्तीचा झाल्याने नुकसान होत नाही, कमी पडल्याने जीव जातो. ही लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. विकणाऱ्याने स्वतःच टोचलेली, पिशवीत घालून आणलेली लस आतून मेलेली असण्याची शक्यता मोठी. डॉक्टर घरी येऊन देणार असतील तर कुपी बर्फाच्या डब्यातून निघते का ते बघा. कोरडी पावडर आणि द्राव तुमच्यासमोर एकत्र होऊन लगेच टोचले गेले पाहिजेत.

वयही तपासा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तरी ४५ दिवसांची, म्हणजे साडेसहा आठवड्यांचीही नसलेली पिल्लं सर्रास विकली जातात. शिवाय वय वाढवून सांगितलं की पुढच्या सगळ्या तारखा चुकतात. दातांवरून डॉक्टरांना अंदाज येतो, पहिल्याच भेटीत तो विचारा.

एक उदाहरण घेऊ. पिल्लाचा जन्म १ एप्रिलचा. २७ मेला ते ८ आठवड्यांचं होईल: डिस्टेंपर (शिंका-खोकल्यातून पसरणारा विषाणूजन्य रोग), पार्वो, हिपॅटायटिस (यकृताचा रोग) आणि लेप्टो (उंदराच्या लघवीतून, साचलेल्या पाण्यातून येणारा रोग) यांवरची एकत्रित लस. २४ जूनला १२ आठवडे: त्याच लसीचा पुढचा डोस आणि रेबीज. २२ जुलैला १६ आठवडे: सर्वांत महत्त्वाचा डोस. त्यानंतर दोन आठवडे, म्हणजे ५ ऑगस्टपर्यंत वाट पाहायची आणि मग पाय जमिनीला. ज्या पिल्लाला ६ व्या आठवड्यातच फक्त डिस्टेंपर-पार्वोची 'पपी डीपी' मिळाली आहे, त्याचाही शेवट १६ व्या आठवड्यालाच होतो, मधे एक डोस वाढतो इतकंच. लेप्टोचे दोन डोस २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने लागतात, दुसऱ्याशिवाय पहिल्याला किंमत नाही. मे-जूनमध्ये पिल्लू आणणाऱ्यांनी ते लांबवू नयेत, पाऊस थांबत नाही.

खाली नेलं नाही, मग विषाणू आला कुठून?

पार्वोला कुत्र्याची गाठ पडावी लागत नाही. आजारी कुत्र्याच्या शीमध्ये तो प्रचंड प्रमाणात असतो आणि लक्षणं दिसायच्या आधीच बाहेर पडू लागतो. शी वाळून धूळ होते, पावसात पसरते, दिसेनाशी होते; विषाणू मात्र तिथेच राहतो. घरात तो निदान महिनाभर तग धरतो, सावलीतल्या ओलसर मातीत कित्येक महिने. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये दर मोसमात रस्त्यावरच्या कुत्रीला पिल्लं होतात आणि त्यातली काही महिन्याभरात मरतात. ती जागा तुमच्या लिफ्टपासून पन्नास पावलांवर असते.

तिथून तो घरात येतो चपलांवरून. मुंबईच्या घरात चपलांचा रॅक बहुधा दाराच्या आत, दीड फूट रुंद पॅसेजमध्ये असतो आणि पिल्लाला चघळायला सगळ्यात आवडते ती चप्पलच. पहिलं काम म्हणजे हा रॅक दाराबाहेर न्या. सोसायटी हरकत घेत असेल तर झाकणाचा प्लास्टिकचा खोका आत ठेवा आणि चपला त्यात बंद करा. घरात वेगळ्या स्लिपर. दारातलं पायपुसणं रोज धुता येईल असं, नाहीतर चार महिने उचलूनच ठेवा. जंतुनाशकाचं तबक दारात ठेवून त्यात पाय बुडवण्याचा उपाय काही जण करतात, तो निरुपयोगी आहे: तळव्याला माती असते आणि औषधाला लागणारी दहा मिनिटं कुणी त्यात उभं राहत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पोछा. घरकामाला येणाऱ्या ताई चार घरं करतात, पैकी एका घरात कुत्रा असतो. त्यांना दोष देऊ नका. तुमच्या घरासाठी वेगळी बादली, वेगळं फडकं आणि घरात घालायला एक जोडी स्लिपर द्या, आणि कारण नीट समजावून सांगा. इमारतीचा पॅसेज आणि लिफ्ट मात्र सगळ्या मजल्यांना एकाच फडक्याने पुसली जाते, त्यामुळे तिथली लादी कायम दूषित समजा. चाळीत राहत असाल तर सामाईक गॅलरी म्हणजे रस्ताच. उंबऱ्याला दीड-दोन फुटांची फळी लावा.

पाहुणे, सामानाच्या पिशव्या, चाकाची बॅग, मुलांचे फुटबॉलचे बूट, हे सगळं याच यादीत. घरात मोठा कुत्रा असेल तर त्याचं वर्षाचं लसीकरण झालंय ना ते बघा. तो स्वतः सुरक्षित असला तरी पायांना लावून आणतो. फिरून आल्यावर त्याचे चारी पाय मोरीत साबणाने धुवा. भटक्या कुत्र्यांना खायला घालत असाल तर ते बंद करायची अजिबात गरज नाही. त्यासाठी वेगळी चप्पल ठेवा आणि वर आल्यावर कपडे बदला, साबणाने हात धुवा. सॅनिटायझरने पार्वो मरत नाही.

डिस्टेंपरचं गणित उलटं आहे. तो विषाणू नाजूक, मुंबईच्या उन्हात लवकर मरतो, पण शिंका-खोकल्याच्या तुषारांतून येतो. इथे लादीपेक्षा अंतर महत्त्वाचं. खालच्या एखाद्या कुत्र्याच्या डोळ्यांना चिकट पू, नाक वाहतंय, जबडा किंवा पाय सारखा झटके देतोय असं दिसलं, तर पिल्लाला उचलूनसुद्धा त्याच्या जवळून नेऊ नका. खोकणारा कुत्रा लिफ्टमध्ये असेल तर पुढच्या लिफ्टची वाट बघा.

फिनेलने भागत नाही

पांढरं फिनेल, काळं फिनेल, डेटॉल, सुवासिक फ्लोअर क्लीनर यांपैकी कशावरही पार्वोसाठी विसंबू नका. घर स्वच्छ वास देतं आणि विषाणू जागेवरच राहतो. घरगुती वस्तूंपैकी भरवशाचं म्हणजे ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट.

बाटलीवर टक्के वाचा. ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर पाण्यात ३० मिली, ४ टक्क्यांचं असेल तर ४० मिली. औषधाच्या टोपणाने मोजा, अंदाजाने ओतू नका. ब्लीचिंग पावडर वापरायची तर ताज्या पाकिटातली ६ ग्रॅम एका लिटरमध्ये ढवळा, गाळ बसू द्या आणि वरचं पाणी घ्या. उघडं पाकीट मुंबईच्या दमट हवेत लवकर निर्जीव होतं, ते ठेवू नका. केलेलं पाणीही रोजचं रोज नवं.

चुकतं ते क्रमात. शी किंवा उलटीवर थेट ब्लीच ओतलं तर त्या घाणीतच ते संपून जातं. आधी वर्तमानपत्राने उचला, पिशवीत बांधा. मग साबणाच्या पाण्याने घासून धुवा आणि पाणी निपटून घ्या. त्यानंतर ब्लीचचं पाणी टाका आणि लादी पूर्ण १० मिनिटं ओली राहू द्या. पंख्याखाली वाळत असेल तर पुन्हा ओली करा. शेवटी साध्या पाण्याने पुसा, वाळवा आणि मगच पिल्लाला सोडा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीच टॉयलेट क्लीनरमध्ये, ॲसिडमध्ये किंवा फिनेलमध्ये कधीही मिसळू नका, ॲसिडशी त्याचा विषारी क्लोरीन वायू होतो. लघवी झालेली जागाही आधी पाण्याने धुवूनच घ्या. संगमरवरावर एका कोपऱ्यात करून बघा, चकाकी जाऊ शकते. सोफा आणि गादी यांना ब्लीच चालत नाही, म्हणून पहिले चार महिने पिल्लाला तिथे चढवूच नका. अंथरायला जुन्या सुती चादरी वापरा.

रोज अख्खं घर ब्लीचने धुवायची गरज नाही. दाराजवळची तीन-चार फूट लादी रोज, बाकी आठवड्यातून एकदा पुरे. पिल्लाच्या शू-शीची सोय मोरीत किंवा बाल्कनीत वर्तमानपत्रावर करा. गच्ची इतर कुत्र्यांना बंद असेल तरच वापरा.

लसीच्या दिवशीचा धोका

चार महिन्यांत सर्वांत धोक्याची जागा म्हणजे दवाखान्याची बाकं आणि लादी. आजारी कुत्री तिथेच येतात, यात दवाखान्याचा दोष नाही. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या मोठ्या, गर्दीच्या ठिकाणी जायचं असो की गल्लीतल्या क्लिनिकमध्ये, पिल्लू झाकणाच्या टोपलीत किंवा मांडीवर ठेवा. आधी फोन करून वेळ घ्या, नंबर येईपर्यंत बाहेर थांबा. वजनकाट्यावर आणि टेबलावर घरून आणलेलं वर्तमानपत्र अंथरा. इतर कुत्र्यांशी नाक लावू देऊ नका. रिक्षात खाली ठेवू नका. लस दिल्यावर २०-३० मिनिटं आसपास थांबा. तोंड सुजणं, लगेच उलट्या, एकदम मलूल होणं दिसलं तर तिथेच परत आत न्या. घरी आल्यावर टोपलीचा तळ ब्लीचच्या पाण्याने पुसा.

आजारी असताना लस देत नाहीत, आणि पोटात जंत भरलेले असतील तर पिल्लू आधीच अशक्त असतं. जंताचं औषध वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घ्या. लहान पिल्लांना दर १५ दिवसांनी, पुढे ६ महिन्यांपर्यंत दर महिन्याला असा साधारण क्रम असतो.

मग पिल्लाला घरातच कोंडायचं का?

नाही, आणि ही चूकही तितकीच महाग पडते. साधारण ३ ते १४ आठवड्यांत पिल्लू जे बघतं, ऐकतं, त्याला पुढे घाबरत नाही. १६ आठवडे चार भिंतींत काढलेलं पिल्लू नंतर रिक्षाला, छत्रीला, शाळेच्या घोळक्याला बिचकतं आणि भीतीने चावतं. पिल्लाला कडेवर किंवा पुढे लटकवायच्या झोळीत घेऊन रोज १५-२० मिनिटं बाहेर पडा. पुलावरून लोकल दाखवा, बाजाराच्या कडेला उभे राहा, वॉचमनकाकांच्या हातून खाऊ मिळू द्या. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा, पण मांडीवर घेऊन. मैदानात आणि चौपाटीच्या वाळूत पाय नको. लस पूर्ण झालेला, निरोगी, ओळखीचा कुत्रा घरी बोलावून भेट घालून द्यायला हरकत नाही. गणपतीच्या ढोल-ताशांचा आवाज मोबाइलवर आधी हळू, मग वाढवत ऐकवा.

पावसाळा आणि उंदीर

लेप्टो उंदराच्या लघवीतून येतो आणि साचलेल्या पाण्यात टिकतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये त्याची साथ आली होती. हा रोग कुत्र्याकडून माणसालाही होतो, त्यामुळे इथे प्रश्न एकट्या पिल्लाचा नाही. रात्री पाण्याची आणि खाण्याची भांडी उचलून ठेवा, खाद्याची पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. तळमजल्यावर किंवा चाळीत राहणाऱ्यांनी मोरीच्या जाळीला बारीक जाळी लावा. साचलेल्या पाण्यातून चालत आलात तर आधी पाय धुवा, मग पिल्लाला हात लावा. ताप, डोळे-हिरड्या पिवळ्या, लघवीचा रंग गडद दिसल्यास लघवी हातमोज्यांशिवाय पुसू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लक्षणं दिसली तर

खाणं बदलल्याने किंवा जंतांनी शी पातळ होते, पण पिल्लू खेळत असतं, खात असतं. जेवण सोडलं, उलट्या आणि मरगळ असं एकत्र दिसलं तर रक्ताची वाट बघू नका. आणल्यापासून तीन दिवसांच्या आत असं झालं तर बहुधा पिल्लू तो रोग तिथूनच घेऊन आलं, कारण पार्वो सहसा ३ ते ७ दिवसांत, कधी १४ दिवसांपर्यंत उमटतो. विकणाऱ्याला कळवा, त्याच वेतातली बाकीची पिल्लं वाचू शकतात.

दवाखान्यात निघण्याआधी फोन करून "पार्वोचा संशय आहे" असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते वेगळं घेतील. ताप मोजता आला तर मोजा, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे नेहमीचं. हिरडी बोटाने दाबून सोडा; दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही तर एक मिनिटही घालवू नका. उलट्या होत असताना सिरिंजने पाणी किंवा पेज कोंबू नका, ती फुप्फुसात जाते. माणसांची जुलाबाची गोळी, पॅरासिटामॉल अजिबात नको. लहान पिल्लू लुळं पडून थरथरत असेल तर बोटावर थोडा मध घेऊन हिरड्यांना चोळा आणि निघा.

शीवरची झटपट तपासणी दहा-पंधरा मिनिटांत होते. पहिल्या दिवशी ती निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. लक्षणं असतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात आणि सोबत पांढऱ्या पेशी मोजतात. लस देऊन थोडेच दिवस झाले असतील तर फिकट पॉझिटिव्ह लसीमुळेही येऊ शकते, म्हणून लसीची तारीख डॉक्टरांना सांगा. या विषाणूवर थेट मारा करणारी सर्रास मिळणारी गोळी नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि थोडं थोडं खाणं यांवर पिल्लू तगवतात. लवकर दाखल झालेली बहुतेक पिल्लं वाचतात. उपचारच न मिळालेली बहुतेक दगावतात.

पिल्लू गेलं आणि लगेच दुसरं आणायचंय?

थांबा. ब्लीचने घर साफ केल्यावरही निदान एक महिना जाऊ द्या. मातीचं अंगण किंवा कुंड्यांची गच्ची असेल तर तिथे सात महिने लहान पिल्लू सोडू नका, मातीत ब्लीच चालत नाही. जुनी टोपली, पट्टा, मऊ खेळणी टाकून द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका. लवकर घरात कुत्रा हवाच असेल तर १६ आठवड्यांनंतरचा डोस होऊन दोन आठवडे उलटलेला, थोडा मोठा कुत्रा आणा. आश्रयगृहांत असे देशी कुत्रे कितीतरी वाट बघत असतात. जे पिल्लू वाचलं, ते बरं झाल्यावरही दोन ते चार आठवडे शीतून विषाणू टाकू शकतं. तितके दिवस त्याला खाली नेऊ नका, मग आंघोळ घालून बाहेर काढा. मजल्यावर कुणाकडे लहान पिल्लू असेल तर संकोच न करता त्यांना पहिल्याच दिवशी कळवा, आणि सोसायटीच्या सफाईवाल्यांना लिफ्ट-पॅसेजसाठी ब्लीचचं वरचंच माप लिहून द्या.

१६ आठवड्यांचा डोस झाला की बहुतेक घरांत कार्ड कपाटात जातं ते थेट वर्षाने निघतं. मधे २६ आठवड्यांना एक डोस घ्यायचा असतो, १६ व्या आठवड्यालाही ज्या थोड्या पिल्लांत आईच्या अँटीबॉडी शिल्लक होत्या त्यांच्यासाठी. वरच्या उदाहरणातल्या पिल्लाला तो ३० सप्टेंबरला येतो. मोबाइलमध्ये आजच गजर लावून ठेवा.